‘लाइन गेली’ची तिशी

आमच्या घरात माणसांपेक्षा रेकॉर्डींचे वाढदिवस जास्त साजरे होतात, असं माझा नवरा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असतो. त्यात फारशी अतिशयोक्ती नाही. आम्ही पुण्यातली नऊ माणसं, सगळी पन्नाशीच्या आगेमागे. कुणी बँकेत, कुणी वकील, मी दातांची डॉक्टर. एखाद्या रॉक अल्बमला तीस, चाळीस किंवा पन्नास वर्षं पूर्ण झाली की माझ्या दवाखान्याच्या वरच्या खोलीत जमायचं आणि तो पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत ऐकायचा. क्रम मोडायचा नाही, मध्ये बोलायचं नाही, फोन बाहेर चपलांशेजारी ठेवायचे. मग मिसळ आणि भांडण. ज्यांनी हे अल्बम केले ती मंडळी सात समुद्रापलीकडे. आपला वाढदिवस सदाशिव पेठेत मिसळीवर साजरा होतो हे त्यांच्या गावीही नाही. असं एकतर्फी प्रेम आम्ही वर्षानुवर्षं करत आलो.

यंदा मात्र असा एक अल्बम तिशीत येत होता की ज्याच्या माणसांना जाऊन भेटता येणार होतं, तेही एस.टी.नं.

बॅण्डचं नाव ‘थ्री फेज’, अल्बमचं नाव ‘लाइन गेली’. तुम्ही ऐकलेलं नसणार. मी नागपूरला शिकत असताना वाशिमकडच्या माझ्या रूममेटनं ही कॅसेट होस्टेलवर आणली होती. तिघांचा बॅण्ड, सात गाणी, सगळी वऱ्हाडीत. विहिरीवरचा पंप, रेशनच्या दुकानाची रांग, बस न थांबणारा फाटा, असे विषय. आणि लीड गिटार म्हणाल तर पत्रा फाडल्यासारखी. सातव्या गाण्यात तर कमाल आहे: गाणं ऐन रंगात आलेलं असताना गाणारा आणि गिटार दोन्ही एकदम गप्प होतात आणि पावणेदोन मिनिटं नुसते ड्रम वाजत राहतात. मग अचानक गिटार किंचाळते आणि गाणं पुढे सुरू. या पावणेदोन मिनिटांच्या सखोल अर्थावर आमच्या मंडळात दोन माणसांचं बोलणं सहा महिने बंद होतं.

कॅसेटमधल्या झेरॉक्सच्या कागदावर तीन ओळी होत्या. ‘गायन व बास : उत्तम पडघान. लीड : शेषराव इंगोले. तालवाद्य : एक मित्र.’

आम्ही ठरवलं, तिशीनिमित्त या अल्बमच्या शंभर रेकॉर्डी काढायच्या. रूममेटकडून उत्तम पडघानांचा नंबर मिळाला. परवानगी त्यांनी फोनवरच दिली. ‘एक मित्र’ कोण, हे तेवढं सांगेनात. “या न मॅडम इकडे,” म्हणाले. “आमी दरसाल कॅसेटचा वाढदिवस करतोच. यंदा तुमीबी या.” हा वेडेपणा फक्त आपलाच, अशी आमची समजूत होती. कव्हर आठवड्याभरात छापायला जाणार होतं. तालवाद्यासमोरचं नाव आणण्याची कामगिरी माझ्यावर आली आणि मी निघाले.

वाशिम ते अनसिंग, शुक्रवार

एस.टी. स्टँडवर उत्तमराव घ्यायला आले होते. विजेच्या खात्यात लाइनमन होते, आता निवृत्त. पांढऱ्या मिशा, अंगात हाफ स्वेटर, आणि बोलताना डोळे सारखे वर. मला आधी वाटलं, आपल्या डोक्यावर काही बसलंय. मग कळलं, तीस-पस्तीस वर्षं तारांकडे बघून मान तशीच वळते. गाडी चालवतानाही त्यांचं एक लक्ष खांबांवर. “ह्या खांबावर मी भर पावसात चढलो व्हतो,” “हा वाकडा दिसून राह्यला न, हा मी उभा केला नाई,” अशी ओळख करून देत होते. बाहेर जानेवारीची कोवळी थंडी, बहुतेक तुरी सोंगून, म्हणजे कापून, झालेल्या, मध्येच गव्हाचा हिरवा तुकडा, मग हरभरा, आणि बाकी सगळी काळीभोर जमीन. आमच्याकडची लाल-भुरी माती बघत वाढलेल्या माणसाला ती जमीन ओलीच वाटते. ती कोरडी आहे हे चपलेला लागल्यावर कळतं.

अनसिंगला त्यांच्या घरी पोचल्यावर मी पहिला घोळ घातला. पुण्याहून सत्कारासाठी शाल आणि श्रीफळ नेलं होतं. आमच्याकडे कुणाचंही काही भलं झालं की त्याला शाल-श्रीफळ मिळतं, त्यात विचार करण्यासारखं काय आहे? पंचशीलाबाईंनी, म्हणजे उत्तमरावांच्या पत्नीनं, शालीची घडी प्रेमानं कुरवाळली आणि नारळ हातात फिरवत राहिल्या.

“नारळ कायले आनला वो ताई? आमी बौद्ध. आमच्यात मानाचा नारळ नसते. फूल देतेत, पुस्तक देतेत.”

इतकी वर्षं नारळ वाटत आणि घेत आले, तो कुणाकडे चालत नसेल हे मनातही आलं नव्हतं. मी काहीतरी पुटपुटले, तशा त्या खळखळून हसल्या.

“आता आनलाच त चटनी करू त्याची. टाकून थोडीच देतो!” आणि दाराशी दगडावर एका घावात फोडलाही.

त्या चटणीबरोबर ज्वारीची भाकर आणि सोल्याची भाजी होती. सोले म्हणजे तुरीचे ओले दाणे. ते वाटून, लसूण-मिरचीत परतून केलेला तो हिरवा रस्सा मी पहिल्यांदा खाल्ला आणि पुण्यातल्या सगळ्या आमट्यांबद्दल मला मनापासून वाईट वाटलं. तिसऱ्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं. “तिखट लागलं काय?” पंचशीलाबाई म्हणाल्या. “पाहुन्यासाठी कमी टाकलं व्हतं, बाप्पा.”

जेवण होतंय तोवर शेषराव आले. गोल चेहरा, कमी बोलणारे, शेती करतात आणि लग्नसराईत बॅण्डमध्ये वाजवतात. काखेत निळ्या कापडात गुंडाळलेली लांबट पेटी होती. मी अधीर होऊन विचारलं, “हीच ती गिटार?”

“गिटार?” त्यांनी कापड सोडलं. “गिटार कुठची आनू मॅडम? बेंजो हाये हा.”

हार्मोनियमसारखी बटणं आणि खाली तारा असलेलं ते वाद्य मी शेकडो वरातींत पाहिलेलं होतं. शेषरावांनी ते एका कर्ण्याला जोडलं. कर्ण्याच्या आतला पडदा फाटलेला. एक तार छेडली मात्र, आणि तोच पत्रा फाडणारा आवाज! आमच्या मंडळातले वकील या आवाजावर तीन पानी टिपण लिहून बसले आहेत; त्यात दोन परदेशी गिटारी आणि एका अमेरिकन अँप्लिफायरचं नाव आहे. मी हसत सुटले. मग लाज वाटली, आणि मग इतकं कौतुक वाटलं की मी शेषरावांचा हातच धरला. ते बिचारे संकोचून बेंजोकडे बघत राहिले.

सातव्या गाण्यातल्या पावणेदोन मिनिटांचा सखोल अर्थही तेव्हाच कळला. वाशिमला एका मंडपवाल्याच्या माडीवर रेकॉर्डिंग चाललं होतं. उत्तमराव खात्यातलेच, लाइनीचा भरवसा किती धरायचा हे त्यांना पक्कं ठाऊक, म्हणून टेपरेकॉर्डर सेलवर लावलेला. बाकी माइक, बास, बेंजो सगळं विजेवर. सातव्या गाण्यात लाइन गेली.

“आमी दोघं गप झालो,” शेषराव म्हणाले. “हा वाजवतच राह्यला. डोळे मिटून वाजवून राह्यला व्हता. मी बेंजो तसाच दाबून बसलो व्हतो, लाइन आली तशी बोंबलला.”

“मंग अल्बमचं नाव काय ठेवाचं, हा सवालच राह्यला नाई,” उत्तमराव म्हणाले.

‘हा’ म्हणजे कोण, ते मात्र दोघंही बोलेनात.

अनसिंग, शनिवार

वाढदिवस बुद्धविहारासमोरच्या मोकळ्या जागेत, दुपारी तीनला. शे-दीडशे माणूस असेल. बायका पुढे सतरंजीवर, कारण त्यांना सगळी गाणी पाठ. आधी वंदना झाली. पांढऱ्या साडीतल्या म्हाताऱ्या आणि जीन्समधली पोरं एका सुरात म्हणत होती. मग उत्तमरावांनी चार तारांची बास गळ्यात अडकवली, आणि इतका वेळ तारांकडे बघणारा तो माणूस पहिल्यांदा समोर बघू लागला.

मधोमध ड्रम मांडलेले होते. बॅण्डवाल्यांचा मोठा ढोल आडवा, त्याला शिलाई मशीनच्या पायडलपासून बनवलेला टोला, बाजूला कडक ताशासारखा ड्रम, बांबूला लटकवलेली झांज. मागे एक लाकडी स्टूल. त्यावर कुणी बसलं नाही. मला वाटलं, वाजवणारा यायचाय. पहिलं गाणं सुरू झालं, संपलं, दुसरं झालं, स्टूल रिकामंच. ठेका लोक मांडीवर धरत होते, अगदी हळू, गाण्याच्या खाली.

चौथं गाणं झाल्यावर उत्तमराव माइकवर म्हणाले, “बाजू बदलते.” आणि काय सांगू, सगळी माणसं उठली. डावीकडची उजवीकडे गेली, उजवीकडची डावीकडे, सतरंज्या झटकून पुन्हा बसली. कॅसेटची बाजू उलटते तसं ऐकणाऱ्यांनीही उलटायचं, असा तिथला रिवाज. आम्ही पुण्यात इतकी वर्षं नुसते गंभीर चेहरे करून बसत होतो!

सातवं गाणं आलं. ऐन रंगात आलं तसे उत्तमराव बास सोडून बाजूला गेले आणि खांबावरचा मेन स्विच त्यांनी स्वतःच्या हातानं खाली ओढला. सगळं गप्प. मांडीवरचे हातसुद्धा थांबले. काही क्षण गेले. मला वाटलं संपलं, आणि मी जोरजोरात टाळ्या वाजवल्या.

एकटीनं. दीडशे माणसं माझ्याकडे वळली. रागानं नाही, पण देवळात कुणाचा फोन वाजला की बघतात तसं. पंचशीलाबाईंनी हलकेच माझ्या मनगटावर हात ठेवला. त्या रिकाम्या स्टुलाकडे तोंड करून सगळे पावणेदोन मिनिटं बसून राहिले. मग स्विच वर गेला, बेंजो किंचाळला आणि गाणं पुढे सुरू झालं. मला पहिल्यांदाच ते गाणं ऐकवेना.

खीर वाटून झाल्यावर मी उत्तमरावांना गाठलं. “दुसरं कुणी का नाही वाजवत? एवढी पोरं आहेत.”

“त्याची जागा हाये ते.”

“मग नाव का लपवलं त्याचं?”

“मी लपवलं?” त्यांचा आवाज चढला. “त्यानं सांगतलं, माझं नाव नोको टाकू. बापाले कळंल म्हने, आमच्या वस्तीतल्या पोरायसंग बॅण्डवाल्याचा ढोल बडवून राह्यला, आमच्यात जेवून राह्यला. मी म्हनलं, काय टाकू मंग? म्हने, काईबी टाक. मी ‘एक मित्र’ टाकलं. कॅसेट निघाली आन थो आलाच नाई त्याच्यानंतर.” त्यांनी पुन्हा खांबाकडे पाहिलं. “मॅडम, थ्री फेजची मोटर दोन फेजवर चालवली का जळते. आमी तीस वर्सं चालवून राह्यलो.”

उद्या शेषराव तुम्हाला त्याच्या गावी, किन्हीराजाला नेतील, विचारायचं ते त्यालाच विचारा, म्हणाले.

किन्हीराजा, रविवार

शेषरावांच्या मोटरसायकलवर मागे बसून, कानाला मफलर गुंडाळून, बरीच लांब वाट कापून आम्ही पोचलो. तो ‘एक मित्र’, म्हणजे गजानन काळबांडे, दुमजली पक्क्या घराच्या ओट्यावर उभे होते. उंच, पंचावन्नच्या आसपास, गावात वजन असलेला शेतकरी. शेषराव दिसताच त्यांनी पायऱ्या उतरून त्यांच्या हातातली पिशवी घेतली. दोघं एकमेकांना अधूनमधून बाजारात भेटतात म्हणे, पण बोलणं बियाण्यांपुरतं.

जेवायला वांग्याचं भरीत होतं, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर, आणि हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्यात कांदा-शेंगदाणे-तेल घालून कालवलेला घोळणा. शोभाताई, गजाननरावांच्या पत्नी, भाकरी थापता थापता सगळं ऐकत होत्या. मी लढाईच्या तयारीनं आले होते. मनात भाषण जुळवलेलं. त्याची गरजच पडली नाही.

“टाका न नाव,” गजाननराव म्हणाले. “बाप जाऊन पाच वर्सं झाले. आता कोनाचं भेव हाये?”

इतकं सोपं? मी खुशीत तिथूनच उत्तमरावांना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जावा म्हणून मोठा केला. हा माझा दुसरा घोळ.

“नाई,” उत्तमराव म्हणाले.

“अहो, पण ते स्वतः म्हणतायत...”

“बाप मेल्यावर नाव टाकाले काय लागते? पुन्याच्या कागदावर नाव येईल, किन्हीराजात कोन वाचते थो कागद? त्याले म्हना, सोताच्या गावात, सोताच्या दारात, सोताच्या लोकायसमोर बसून वाजव. आन सोताच्या तोंडानं सांग का हा मी व्हतो म्हनून. मंग टाका नाव. नाईत ‘एक मित्र’च राहू द्या. आमाले सवय झाली.”

फोन बंद. गजाननरावांचा घास हातातच राहिला. मला उत्तमरावांचा राग आला. माणूस तयार आहे, वय झालंय, कशाला ताणायचं? बाहेर हात धुताना मी शेषरावांना तसं म्हटलंही. ते हात पुसत म्हणाले, “मॅडम, तुमी काल टाळ्या वाजवल्या न, तवा उत्तमच्या तोंडाकडे पाह्यलं नसंन तुमी.” नव्हतंच पाहिलं.

आत शोभाताईंचा आवाज येत होता. “मले लग्नात सांगतलं व्हतं का नवरा कॉलेजात शिकला. ढोल वाजवते हे मले पाटा-वरवंट्यावर बोटं आपटतानी समजलं. कवापर्यंत आपटसान?”

गजाननराव बाहेर आले. “उद्या. चार वाजता. या म्हना त्याले.”

किन्हीराजा, सोमवार

मी शोभाताईंकडेच मुक्काम केला. सकाळी गजाननराव निमंत्रण द्यायला बाहेर पडले. त्यांच्या भावकीत असं निमंत्रण फोनवर चालत नाही. घरातल्या कर्त्यानं दारात जाऊन, नावानं हाक मारून द्यावं लागतं. तीन तास फिरले. आल्यावर घामाघूम, पण चेहरा मोकळा. अंगणात खुर्च्या आल्या, कर्णा चढला. मला फार बरं वाटलं.

चारला लोक जमले. पुढच्या खुर्चीवर गजाननरावांचे थोरले चुलतभाऊ दादाराव, फेटा बांधून. बायका ओट्यावर दाटीवाटीनं. उत्तमराव आणि शेषराव अनसिंगहून ढोल, पायडल, झांज सगळं छोट्या टेम्पोत घालून घेऊन आले. उत्तमराव उतरले, त्यांनी सवयीनं वर पाहिलं, आणि वर एक कापडी फलक होता. ‘पुण्याच्या डॉक्टर मॅडम यांचा संगीत कार्यक्रम. सर्वांनी यावे.’

मी कपाळावर हात मारला. मला गाता येत नाही, हा मुद्दा वेगळाच. तीन तास घरोघर फिरून या गृहस्थानं मलाच निमंत्रणात घातलं होतं!

“चाल शेषराव,” उत्तमराव टेम्पोकडे वळले. “मॅडमचा कार्यक्रम हाये. आपलं काय काम?”

गजाननराव धावत आले. “उत्तम, आयक न. लोक आले का सांगतो म्हनलं. घरोघर काय सांगू? पह्यले येऊ त दे त्यायले...”

“तवाबी तू हेच म्हनला व्हता. पह्यले निघू त दे कॅसेट, मंग सांगतो.”

उत्तमरावांनी टेम्पोच्या दाराला हात घातला. अंगणात शंभर माणसं बसलेली, आणि हे सगळं पाच पावलांवर चाललेलं. गजाननराव तिथेच उभे राहिले. मग ते वळले, अंगण ओलांडून माइकशी गेले. माइकनं शिट्टी मारली.

“रामराम मंडळी,” ते म्हणाले. आवाज भलताच बारीक आला. “मी तुमाले खोटं सांगून बलावलं. मॅडम पाहुन्या हायेत. कार्यक्रम माझा हाये. तीस वर्सांमागं अनसिंगचे हे माझे दोस्त, उत्तम पडघान, शेषराव इंगोले, आमी तिघायनं एक कॅसेट काढली. त्याच्यात ढोल मी वाजवला. यायच्या घरी जेवलो, यायच्याच घरी झोपलो. आन मंग भेलो. नाव टाकू देल्लं नाई. तीस वर्सं यायच्या दारात पाय ठेवला नाई. एवढंच सांगाचं व्हतं.”

मग दादाराव उठले. “विहिरीवर मोटर चालू राह्यली,” असं कुणाकडेच न बघता म्हणाले आणि चालू लागले. त्यांच्यामागे आणखी पाच-सहा माणसं उठली. त्यांच्याही विहिरींवर मोटरी चालू राहिल्या असाव्यात. गजाननराव त्यांच्या पाठीकडे बघत होते. गावात वजन असलेला माणूस, पण त्या घडीला त्यांचे हात कुठे ठेवावेत हे त्यांना सुचत नव्हतं.

ओट्यावरून शोभाताई उतरल्या. डोक्यावरचा पदर सारखा केला, बायापुरुषांची सगळी रांग ओलांडून पुढे आल्या आणि दादारावांच्या रिकाम्या खुर्चीवर बसल्या. “लावा न,” नवऱ्याकडे बघून म्हणाल्या. “कवाचे बसलो आमी.”

उत्तमरावांनी टेम्पोचं मागचं फळकं खाली घेतलं.

मी आयुष्यात पुष्कळ ऐकलं आहे. ऐकणं हाच माझा धर्म आहे म्हणा ना. पण त्या दुपारी जे ऐकलं त्याचं वर्णन मला जमणार नाही, आणि आमच्या वकिलांनाही जमू नये अशी माझी इच्छा आहे. पहिल्या गाण्यात गजाननराव दोनदा चुकले, दुसऱ्यात एकदा. तिसऱ्यापासून चुकले नाहीत. चौथ्यानंतर उत्तमराव “बाजू बदलते” म्हणाले आणि किन्हीराजाच्या लोकांना काही कळलं नाही, तशी मी आणि शोभाताई उठून डावीकडून उजवीकडे गेलो. हसत हसत सगळं अंगण उलटलं.

सातव्या गाण्यात उत्तमराव स्विचकडे गेले, त्यांनी तो ओढला, आणि गजाननरावांनी डोळे मिटले. पावणेदोन मिनिटांचं त्यांनी भानच ठेवलं नाही. किती वाजवलं देव जाणे. घामानं सदरा पाठीला चिकटला, शिलाई मशीनचं पायडल करकरत होतं, शेषराव बेंजोवर बोटं दाबून बसले होते. आणि उत्तमराव स्विचवर हात ठेवून उभे. वर ओढायचं नावच घेईनात. भिंतीकडे तोंड होतं त्यांचं, खांदे हलत होते. शेवटी शेषरावांनीच हाक मारली, “उत्तम, लाइन दे न बे आता!”

टाळ्या संपल्यावर मी कव्हरचा कागद काढला. माइक मध्येच होता, तिघं त्याच्याभोवती घाम पुसत उभे. मी उत्तमरावांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. मी ‘एक मित्र’वर रेघ मारली आणि गजाननरावांना विचारलं, “कसं लिहू? गजानन काळबांडे?”

ते कागदावर वाकले. “गजानन शामराव काळबांडे,” म्हणाले. “मधात बापाचं नाव टाका मॅडम. त्याच्याच भेवानं गेलं व्हतं, त्याच्याच नावासंगं येऊ द्या.”

मी लिहिलं. पेन मिटणार इतक्यात उत्तमरावांनी कागदावर बोट ठेवलं. वरच्या दोन ओळींत नुसतं ‘उत्तम पडघान’ आणि ‘शेषराव इंगोले’ होतं.

“मंग आमचेबी टाका,” ते म्हणाले. “बाप आमालेबी व्हते.”

“सांगा,” मी म्हटलं.

“सुखदेव.”

“माह्याचं किसन,” शेषराव म्हणाले.

माइक बंद करायचं कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. सुखदेव आणि किसन ही दोन्ही नावं गजाननरावांच्या अंगणातल्या कर्ण्यातून किन्हीराजावर गेली. विहिरींकडे गेलेल्यांनाही ती ऐकू गेली असणार.